शेजारणीविरुद्धच्या अर्जावर सही करू का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई मुंबईतल्या एका संक्रमण (ट्रान्झिट) शिबिरात, म्हणजे इमारत रिकामी केल्यावर दिलेल्या तात्पुरत्या जागेत राहतात, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांच्या सासऱ्यांनी साठच्या दशकात बायकोचे दागिने मोडून, पागडी (खोली मिळवताना भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रोख) भरून गिरगावात भाड्याची खोली घेतली. पुढे इमारत धोकादायक ठरली. ऐंशीच्या दशकात म्हाडाने ती रिकामी केली आणि ‘दोन-तीन वर्षांत परत याल’ असं सांगून बिऱ्हाड शिबिरात हलवलं. इमारत पुन्हा उभी राहिलीच नाही. सासरे गेले, नंतर सासूबाईही गेल्या. शेजारच्या गाळ्यात, म्हणजे शिबिरातल्या खोलीत, एक विधवा बाई दोन मुलांना घेऊन राहते. तिच्या नवऱ्याने तो गाळा मूळ भाडेकरूकडून स्टॅम्पपेपरवर विकत घेतला होता. आता शिबिरातल्या जुन्या रहिवाशांनी ‘घुसखोरांना बाहेर काढा’ असा अर्ज तयार केला आहे आणि त्यात गाळा क्रमांकासह या बाईचंही नाव आहे. ताई विचारतात, “आम्ही चाळीस वर्षं रांगेत उभे आणि रांग मोडणाऱ्यांनाही घर देणार, हा कुठला न्याय? पण तिच्या मुलांना मी लहानाचं मोठं होताना पाहिलंय. सही करू का?” पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “आमचा गाळा ह्यांच्या नावावर करायचाय. नणंद आमच्याकडेच असते, तिला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलंय. ती टाळाटाळ करतेय, पण ते होईल.”

ताई,

तुमचा राग खरा आहे, आणि कुणी तो ‘आता जाऊ द्या’ म्हणून मोडीत काढला तर ऐकू नका. तात्पुरतं म्हणून दिलेल्या एका खोलीत दोन पिढ्या गेल्या. मुलांची लग्नं ठरवताना ‘घर कुठं?’ या प्रश्नाला ‘ट्रान्झिटला’ असं उत्तर द्यावं लागलं. ते ऐकून समोरची माणसं कशी गप्प होतात ते तुम्ही लिहिलं आहेच. हे तुमच्या वाट्याला आलं त्यात तुमची चूक काहीही नव्हती.

पण तुमच्या पत्रात ‘रांग’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि माझी पहिली शंका तिथेच आहे. आपण पुढे आहोत, मागे कुणीतरी आहे, मधेच कुणी घुसलं की आपला नंबर एकाने मागे जातो, असं चित्र तुमच्या मनात आहे. संक्रमण शिबिरात अशी एक सरळ रांग कधी नव्हतीच. ज्यांची मूळ इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने (जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी पाहणारं मंडळ) किंवा विकासकाने पुन्हा बांधली ते परत गेले, मग ते शिबिरात दोन वर्षं राहिलेले असोत की वीस. ज्यांच्या इमारतीचा भूखंड अरुंद होता, रस्तारुंदीत गेला, आरक्षणाखाली आला किंवा जिथे नव्या इमारतीत पूर्वीइतके गाळे बसेनात, ते अडकले. या अडकलेल्यांसाठी मास्टर लिस्ट, म्हणजे बृहतसूची. तिच्यातून कुणाला कुठलं घर मिळणार हे वर्षानुवर्षं एकेका फायलीवर ठरत होतं. त्यावर इतका आरडाओरडा झाला की २०२३च्या अखेरीस म्हाडाने या यादीसाठी संगणकीय सोडत सुरू केली. म्हणजे चाळीस वर्षं थांबणं हा तुमचा त्याग आहे, पण त्याने आपोआप नंबर लागत नाही. नंबर लागतो तो पात्र ठरलेल्या अर्जाचा. तुमचा अर्ज पात्र ठरलाय का, मुळात केलाय का, हे तुमच्या चार पानी पत्रात कुठेच नाही. शेजारणीच्या स्टॅम्पपेपरचा मजकूर मात्र तुम्हाला पाठ आहे.

आता तिच्याबद्दल. तिने तुमचं घर अडवलंय का? थेट नाही. तुमचं घर अडलं ते गिरगावातला भूखंड पुन्हा बांधला गेला नाही म्हणून, आणि ते ती शिबिरात येण्याच्या आधीच घडलं होतं. पण तिच्यासारख्यांच्या राहण्याने कुणाचंच नुकसान होत नाही, असंही मी म्हणणार नाही. ते सोपं आणि खोटं होईल. नुकसान होतं ते आज मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणाऱ्यांचं. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा शहर भागात उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती) १९,६४२ होत्या. त्यातल्या तेरा हजारांवर अजून उभ्या आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिथल्या भाडेकरूला सांगितलं जातं, खाली करा, शिबिरात जा. शिबिरात रिकामा गाळा नसतो, असला तर मुलांच्या शाळेपासून आणि कामापासून तासा-दीड तासावर. शिवाय ‘एकदा गेलेले परत येत नाहीत’ हे तुमच्याकडे बघूनच त्याला ठाऊक असतं. मग तो टेकू लावलेल्या छपराखाली राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. शिबिरातला प्रत्येक गैरमार्गाने अडलेला गाळा अशा कुणाच्या तरी वाट्याचा असतो. अन्याय आहे तो इथे, आणि अर्जात या माणसांचा उल्लेखही नाही.

एक अवघड गोष्ट विचारते, राग मानू नका. सासऱ्यांनी दागिने मोडून पागडी भरली हे तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्या काळात पागडी घेणं कायद्याने गुन्हा होता. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकली होती. त्यामुळे मालकाला भाड्यात काही सुटेना, म्हणून तो पागडीत काढायचा, आणि खोली सोडणारा भाडेकरू त्यात आपला वाटा घ्यायचा. पावती नसायची, बोलणं तोंडी, पैसे रोख. सगळ्या गिरगाव-परळ-लालबागने हे केलं, कारण दुसरा मार्ग नव्हता. शेवटी १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने पागडीला मान्यता दिली. म्हणजे ज्या व्यवहारावर तुमचा ‘मूळ भाडेकरू’ हा दर्जा उभा आहे, तो व्यवहार झाला तेव्हा बेकायदेशीर होता आणि सरकारने तो मागाहून पदरात घेतला. शेजारणीच्या नवऱ्यानेही काही मोडूनच पैसे उभे केले असतील.

दोन्ही व्यवहार सारखे आहेत असं मी म्हणत नाही. सासऱ्यांना मालकाने खोली दिली आणि पुढे भाडेपावती त्यांच्या नावाने फाटली. शेजारचा गाळा विकणाऱ्याचा नव्हताच. तो म्हाडाचा, म्हणजे सार्वजनिक, फक्त राहायला दिलेला. जे आपलं नाही ते त्याने विकलं. हा फरक मोठा आहे. तरीही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही : ज्याने विकला तो तुमच्यासारखाच मूळ भाडेकरू होता, चाळीतला शेजारी असेल, तुमच्या घरी हळदीकुंकवाला आलेला. पैसे घेऊन तो विरारला किंवा गावाला गेला. त्याच्याविरुद्ध कुणी अर्ज केल्याचं तुमच्या पत्रात नाही. मधल्या दलालाविरुद्धही नाही.

म्हाडाच्या सर्वेक्षणात शिबिरातल्या रहिवाशांचे तीन गट पाडले गेले. ‘अ’ म्हणजे मूळ पात्र भाडेकरू किंवा त्यांचे वारस. ‘ब’ म्हणजे मूळ भाडेकरूकडून कुलमुखत्यारपत्रावर किंवा तसल्या कागदावर गाळा घेतलेले. ‘क’ म्हणजे कुठलाच कागद नसलेले, थेट घुसलेले. २०१९ मध्ये राज्य सरकारने ‘ब’ आणि ‘क’ यांनाही अटी घालून, पैसे आकारून सामावून घेण्याचं धोरण ठरवलं. तुमचा संताप याच धोरणावर आहे. माझं मत विचाराल तर धोरण सोयीचं आहे, न्याय्य नाही. ‘अ’ गटातला शेवटचा माणूस घरी जाण्याआधी ‘क’ गटाचा हिशेब मांडणं चूकच. त्यातून पुढच्या दलालाला एकच धडा मिळतो, की आज घुसवा, दहा वर्षांनी सरकार नियमित करेल. पण ‘ब’ गटातल्या विधवेला दोन मुलांसह पावसाळ्यात बाहेर काढल्याने तो धडा पुसला जाईल, असंही मला वाटत नाही. रिकामा झालेला गाळा महिन्याभरात पुन्हा कुणी तरी विकलेला असेल.

मग सही करायची का? या अर्जावर नको. एक कारण माणुसकीचं आहे, ते तुम्हाला कळतंच. नाही तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. दुसरं कारण रोखठोक आहे. अशा अर्जावर अधिकारी काही करायचं ठरवतील तर पहिल्यांदा सगळ्या गाळ्यांची कागदपत्रं मागवतील. तुमच्या गाळ्याचं वितरणपत्र सासऱ्यांच्या नावाने, ते हयात नाहीत. त्यानंतर सासूबाई, त्याही नाहीत. वारसनोंद झालेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कागदावर त्या गाळ्यात आज कोण राहतं, याचं उत्तर म्हाडाकडे नाही. उद्या कुणी तुमच्याविरुद्ध असाच अर्ज केला तर ‘मूळ भाडेकरू मयत, ताबा इतरांकडे’ अशी ओळ तुमच्याही गाळ्यापुढे पडू शकते.

सही न करता मंडळींशी वैर कशाला, असं वाटत असेल तर मजकूर बदलून मागा. व्यक्तींची नावं आणि गाळा क्रमांक काढून टाका. त्याजागी या मागण्या घाला : शिबिरातल्या गाळ्यांची गटवार यादी जाहीर करा, मास्टर लिस्टमध्ये पात्र ठरलेल्यांचं वाटप आधी करा, नियमित करताना पैसे घेणार असाल तर गाळा विकणाऱ्याकडून आणि दलालाकडूनही वसुली करा, आणि आजपासून नवा गाळा कुणी विकला तर जबाबदार अधिकारी कोण ते लिहून द्या. अशा अर्जावर तुमची शेजारीणही सही करेल. तिला दलालाने किती वेळा लुबाडलंय ते एकदा विचारून बघा. मजकूर बदलायला कुणी तयार झालं नाही तर सरळ सांगा, ‘माझ्या स्वतःच्या वारसनोंदीचं काम चालू आहे, तोवर मी कशावर सही करत नाही.’ शिबिरात हे कारण सगळ्यांना पटतं, आणि ते खोटंही नाही.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण सगळं पत्र वाचून झाल्यावर मी तिथेच अडखळले. नणंद ‘आमच्याकडेच असते’. ताई, ती तुमच्याकडे असते की तिच्या आईच्या घरी राहते? पत्रावरून दिसतं ते असं की लग्न मोडून ती परत आली ते आईच्या खोलीत, आईच्या आजारपणात रात्री तीच उठायची, आणि आई गेली तेव्हा ती तिथेच राहत होती. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५)(ड) मध्ये भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्क कुणाकडे जातो ते सांगितलं आहे. मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला सदस्य, तसा कुणी नसेल तर वारस, आणि आपसात एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवेल. मुलगा आधी आणि मुलगी नंतर असं त्यात कुठेही नाही. वारसाचा प्रश्न आला तर हिंदू वारसा कायद्यात आईच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखेच. संक्रमण गाळ्यावर तुमची मालकी नाही, हक्क आहे तो मूळ खोलीच्या भाडेपणातून आलेला. तुमच्या प्रकरणात हे कलम नेमकं कसं लागेल ते वकिलाने कागद बघूनच सांगावं. पण नणंदेची बाजू कच्ची आहे असं समजून चालू नका. पत्रात उल्लेख आहे त्या, विरारला राहणाऱ्या तुमच्या दिरांपेक्षा ती नक्कीच पक्की आहे. दिरांकडे मात्र तुम्ही हक्कसोडपत्र मागितल्याचं लिहिलेलं नाही.

ती टाळाटाळ करते म्हणता. मला वाटतं ती विचार करतेय. सही केल्यावर नव्या घरात आपली जागा कुठली, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही दोघी आज एका ताटात जेवता, पण उद्या नवीन फ्लॅट झाला, मुलाचं लग्न झालं, सून आली की तिचं अंथरूण कुठे? शेजारणीकडे हक्काचा कागद नाही म्हणून तिचा हक्क नाही, असं तुम्ही म्हणता. इथे जिचा हक्क आहे तिच्याकडून तो नाही असा कागद करून घेताय.

यातून मार्ग आहेत, आणि सगळ्यांना पचतील असे आहेत. वारसनोंदीसाठी नवरा आणि नणंद यांचा संयुक्त अर्ज करता येतो का, हे म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या कार्यालयात आधी विचारा. मला हा पर्याय सर्वांत सरळ वाटतो. एकाच नावावर घ्यावं लागलं, तर हक्कसोडपत्राबरोबरच एक कौटुंबिक करारनामा करा : नव्या घरात तिला हयातभर राहण्याचा हक्क, आणि घर विकलं तर ठरलेला हिस्सा तिचा. तो नोंदणीकृत करा. घरातल्या कपाटात ठेवलेला कागद भांडणाच्या दिवशी सापडत नाही. तिला वेगळं राहायचं असेल तर रक्कम ठरवून, बँकेतून देऊन मोकळे व्हा. यातलं काही ठरण्याआधी तिला तिच्या वेगळ्या वकिलाकडे जाऊ द्या. विधी सेवा प्राधिकरणाकडे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दबावाखाली घेतलेली सही पुढे कोर्टात आव्हान देता येते, आणि लघुवाद न्यायालयातलं एक प्रकरण तुमची फाईल पुढची दहा वर्षं अडवून ठेवू शकतं. म्हणजे तिच्याशी नीट वागणं तुमच्या घरासाठीही फायद्याचं आहे. हे कारण तुमच्या यजमानांना सांगा, दुसरं पटलं नाही तरी हे पटेल. आणि रेशनकार्डावरून तिचं नाव काढण्याचा विचार कुणी बोलून दाखवला असेल, तर तो तिथेच थांबवा.

कागदांचं थोडं. मूळ खोलीची जुनी भाडेपावती (जितकी जुनी तितकी चांगली), इमारत रिकामी करण्याची नोटीस, शिबिरातल्या गाळ्याचं वितरणपत्र आणि ताबापावती, सेवाशुल्क भरल्याच्या पावत्या, वीजबिल, मतदारयादीतली नावं, सासू-सासऱ्यांचे मृत्युदाखले. यातलं काही हरवलं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून म्हाडातली तुमच्या इमारतीची आणि गाळ्याची फाईल बघायला मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाईल हातात आली की तीन गोष्टी बघा : मूळ खोलीचं क्षेत्रफळ किती लिहिलंय, भाडेकरू म्हणून कुणाचं नाव आहे, आणि इमारत पुन्हा बांधता येत नाही असा शेरा कुठे आहे का. मास्टर लिस्टचा अर्ज या तिन्हीवर उभा असतो. क्षेत्रफळाकडे विशेष लक्ष द्या, कारण मूळ हक्कापेक्षा मोठं घर वाट्याला आलं तर जादा जागेचे पैसे भरावे लागतात आणि ती रक्कम ऐनवेळी उभी करणं जड जातं. भूखंड अजून रिकामा असेल, किंवा तिथे कुणी विकासक हालचाल करत असेल, तर मास्टर लिस्टच्या आधी तिथला हक्क तपासा. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात सध्याच्या विकास नियमावलीनुसार निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळायला हवं. गिरगावातले ३०० फूट आणि लांबच्या उपनगरातले ३०० फूट यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको.

सर्वेक्षणाला कुणी आलं तर घरात हजर राहा, अंगठा किंवा फोटो देताना नणंदेलाही पुढे करा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही. सोडतीत नाव घालतो म्हणून पैसे मागणारा माणूस तुमच्याही दारात येईल. शेजारणीच्या दारात आला होता तोच कदाचित. दुरुस्ती मंडळात दाद लागली नाही तर म्हाडाच्या मुख्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

शेजारणीसारख्या ज्या बाया हे वाचत असतील त्यांच्यासाठीही दोन शब्द. स्टॅम्पपेपरने तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूही होत नाही. पण तुम्ही कुणाकडून, कधी, किती पैशांना गाळा घेतला याचा तो एकमेव पुरावा आहे आणि ‘ब’ गटात राहण्यासाठी तोच लागेल. तो जपा. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, मूळ इमारतीचं नाव, पैसे दिल्याची कुठलीही खूण एका कागदावर लिहून ठेवा. नवऱ्याच्या नावाने कागद असेल तर मृत्युदाखला आणि मुलांचे जन्मदाखले जोडून आपलं नाव सर्वेक्षणात लावून घ्या. गाळा पुढे विकायला किंवा भाड्याने द्यायला कुणी सुचवलं तर नकार द्या. तेवढ्याने हातचं सगळं जाऊ शकतं.

आणि ताई, सगळ्यात आधी कुठे जायचं ते : मिळकत व्यवस्थापकाकडे, वारसनोंदीसाठी. नवऱ्याला एकट्याला पाठवू नका. तुम्ही, ते आणि नणंद, तिघांनी एकत्र जा.